प्राध्यापकांकडून विक्रीचा फोरकास्ट घ्यायचाय, पण तो तपासायचा कसा?

शेवचिवडा_प्लॅनिंग:

नमस्कार मंडळी. पॅकबंद फरसाणाच्या एका मध्यम कंपनीत प्लॅनिंगचं काम बघतो. कारखाना सांगलीकडे, पाच डेपो, छोट्यामोठ्या पाकिटांसकट २१२ एसकेयू, म्हणजे वेगवेगळे माल. एप्रिल २०२२ ते मार्च २०२६ असा ४८ महिन्यांचा डेपोवार बिलिंगचा डेटा टॅलीतून काढून ठेवलाय.

मालकांचं एका मॅनेजमेंट संस्थेतल्या प्राध्यापकांशी बोलणं झालंय. ते दर महिन्याला पुढच्या तीन महिन्यांचा फोरकास्ट देणार आणि वर्षाची फी घेणार. प्रस्तावात तीन गोष्टी ठळक अक्षरांत आहेत: ८८ टक्के अचूकता, एआय मॉडेल, आणि जीडीपी-महागाईच्या अंदाजांशी जोडणी. सरांचा अभ्यास दांडगा आहे, पेपरही भरपूर आहेत, त्यावर प्रश्न नाही. पण सही करण्याआधी आम्ही काय मागायचं, कुठली चाचणी लावायची? पाकिटांच्या छापील फिल्मची ऑर्डर सहा ते आठ आठवडे आधी द्यावी लागते, बेसन-तेल पंधरा दिवस आधी. दिवाळी दरवर्षी पुढेमागे होते, त्याचं मॉडेलमध्ये काय करतात तेही सांगा.

थीटा_पुणे:

आधी त्या ८८ टक्क्यांचा निकाल लावू. बहुतेक ठिकाणी हा आकडा म्हणजे १०० वजा मेप, मेप म्हणजे टक्केवारीतली सरासरी चूक. ती कुठल्या पातळीवर मोजली, एवढं विचारलं की बरंच काही उघड होतं. समजा दोन माल आहेत, दोन्हींचा फोरकास्ट १,००० पेट्या. प्रत्यक्षात एक ७०० गेला, दुसरा १,३००. कंपनीच्या बेरजेवर अचूकता १०० टक्के! मालवार बघाल तर २,००० पेट्यांत ६०० ची चूक, म्हणजे ३० टक्के. फिल्म काही बेरजेची छापत नाहीत. तेव्हा आकडा एसकेयू-डेपो पातळीवरचाच मागा, तोही तुमच्या डेटावरचा. दुसऱ्या कुठल्या कंपनीत मिळालेली अचूकता तुमच्या कामाची नाही, कारण अचूकता मॉडेलपेक्षा मालाच्या स्वभावावर जास्त अवलंबून असते.

मेपची आणखी एक खोड आहे. प्रत्यक्ष विक्री १० आणि फोरकास्ट २० असेल तर चूक १०० टक्के धरली जाते. प्रत्यक्ष २० आणि फोरकास्ट १० असेल तर ५० टक्के. पेट्या दोन्हीकडे दहाच चुकल्या. म्हणून मेप चांगला दाखवायचा असेल तर फोरकास्ट थोडा खालीच ठेवणं फायद्याचं, आणि मेपवर जुळवलेलं मॉडेल नेमकं तेच शिकतं. वर एखाद्या महिन्यात विक्री शून्य असेल तर भागाकारच होत नाही.

त्याऐवजी मास (एमएएसई) मागा. रॉब हाइंडमन आणि अ‍ॅन कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेलं माप आहे. गणित सोपं: चाचणीच्या महिन्यांतली मॉडेलची सरासरी चूक भागिले, "गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं गेलं तेवढंच" या बिनडोक पद्धतीची जुन्या डेटावरची सरासरी चूक. बिनडोक पद्धत ४०० पेट्यांनी चुकत असेल आणि सर ३२० ने, तर मास ०.८०. एकाच्या वर गेलं की फी देण्याचं कारण उरत नाही. (जोडीला बिनडोक पद्धतीची चूक त्याच चाचणीच्या महिन्यांवरही काढून ठेवा. एखादं वर्षच अवघड असेल तर ते त्यात कळतं.)

चाचणी अशी. सरांना फक्त पहिले ३६ महिने द्या, मार्च २०२५ पर्यंतचे. ते एप्रिल, मे, जूनचा फोरकास्ट पाठवतील. फाइल हातात आली की मगच एप्रिलचा खरा डेटा द्या, ते मे ते जुलैचा पाठवतील. असं करत शेवटची फेरी डिसेंबर २०२५ पर्यंतच्या डेटावर. एकूण १० फेऱ्या, प्रत्येक मालाचे ३० फोरकास्ट. ज्यांचं काम कोडमध्ये बांधलेलं आहे त्यांच्या दहा फेऱ्या एका दुपारी होतात. ज्यांना प्रत्येक फेरीला आठवडा लागतो, ते हाताने आकडे बसवतात असं समजायला हरकत नाही.

चूक महिनावार वेगळी मोजा. तुमची फिल्म आठ आठवडे आधी ठरते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा आकडा कामाचा. पहिल्या महिन्याची चूक कितीही कमी असली तरी त्यावर बेसन-तेलच ठरणार. सरासरी करून तीन महिन्यांचा एकच आकडा दिला, तर तो परत पाठवा.

गोदामवाली:

चाचणीच्या आधी डेटा बघा हो. टॅलीतलं बिलिंग म्हणजे मागणी नाही. डेपोत माल नव्हता त्या दिवसांत बिल शून्य, आणि मॉडेल म्हणतं गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या वर्षी ते कमी माल सांगतं, पुन्हा तुटवडा होतो. डेपोचा रोजचा क्लोजिंग स्टॉक काढा. महिन्यात ज्या मालाचा स्टॉक पाच दिवसांपेक्षा जास्त शून्यावर होता, तो महिना "अपुरा" अशी खूण करून द्या. त्याची विक्री उरलेल्या दिवसांच्या सरासरीने भरून घ्यायची की मॉडेलमधून वगळायची, हे सर ठरवतील, पण खूण तुम्हीच करायला हवी. त्यांना बाहेरून ते दिसणार नाही.

दुसरं, महिनाअखेरचं ढकलबिलिंग. टार्गेट गाठायला २८ ते ३१ तारखेला स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारतात आणि पुढचा पहिला आठवडा कोरडा जातो. महिन्याच्या आकड्यात हा सगळा गोंधळ मागणी म्हणूनच बसतो. मोठ्या स्टॉकिस्टकडची सेकंडरी विक्री, म्हणजे त्यांनी पुढे दुकानदारांना विकलेला माल, मिळत असेल, अगदी दहा-बाराच जणांची का होईना, ती जोडा. "दहावर एक" सारख्या स्कीम कुठल्या तारखांना कुठल्या मालावर होत्या, याचा तक्ता तर लागतोच. तो सेल्सवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतो, सिस्टिममध्ये नसतो.

आणि पाकिटं मोजू नका, किलो मोजा. नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत उतरवणं अडचणीचं, म्हणून बऱ्याच ब्रँडनी ग्रॅम वाढवले. तुमच्याकडे तसं झालं असेल तर पाकिटांचा आकडा जैसे थे आणि बेसन मात्र जास्त लागलं. फोरकास्ट किलोत घ्या, पाकिटांत नंतर फोडा.

पंचांग_आणि_एक्सेल:

थीटांची चाचणी चांगली आहे, पण प्रतिस्पर्धी फारच लेचापेचा निवडलाय. लक्ष्मीपूजनाच्या तारखा बघा: २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर, यंदा (२०२६) ८ नोव्हेंबर. फरसाणात "गेल्या वर्षीचा तोच महिना" या पद्धतीला कालनिर्णय बघणारा कुणीही हरवेल. सरांनी हरवायची ती पद्धत सणाला सण लावून केलेली हवी.

कृती सांगतो. रोजचं बिलिंग घ्या आणि दिवाळीची उचल लक्ष्मीपूजनाच्या किती दिवस आधी सुरू होते ते बघा. समजा ३५ दिवस निघाले. हे ३५ दिवस कुठल्या महिन्यात किती पडतात ते मोजा:

२०२२: सप्टेंबर १२, ऑक्टोबर २३
२०२३: ऑक्टोबर २४, नोव्हेंबर ११
२०२४: सप्टेंबर ४, ऑक्टोबर ३१
२०२५: सप्टेंबर १५, ऑक्टोबर २०
२०२६: ऑक्टोबर २८, नोव्हेंबर ७

प्रत्येकाला ३५ ने भागलं की मॉडेलमध्ये घालायचा दिवाळीचा कॉलम तयार. सप्टेंबर २०२५ ला ०.४३, ऑक्टोबर २०२५ ला ०.५७. यंदा सप्टेंबर शून्य, ऑक्टोबर ०.८०, नोव्हेंबर ०.२०. एखाद्या मालाची दिवाळीची जादा उचल ५,००० पेट्या असेल, तर गेल्या वर्षी त्यातल्या साधारण २,१४३ सप्टेंबरला आणि २,८५७ ऑक्टोबरला गेल्या. यंदा मागणी तीच राहिली तरी सप्टेंबरला जादा काहीच नाही, ऑक्टोबरला ४,००० आणि नोव्हेंबरला १,०००. सप्टेंबरच्या आढाव्यात सेल्सवर आरडाओरडा आणि ऑक्टोबरला त्यांच्याच नावाने पेढे, दोन्ही पंचांगाची कृपा. हा कॉलम नसलेलं मॉडेल सप्टेंबर २०२६ ला गोदाम भरून ठेवेल.

आणखी नेमकं करायचं तर आठवड्याचा डेटा घ्या आणि लक्ष्मीपूजनापासून मागे मोजून पाच वेगळे कॉलम करा, उणे १ ते उणे ५. शंकरपाळे, चकलीची उचल शेवटच्या दोन आठवड्यांत एकवटते, शेव आणि भडंग आधीपासून पसरलेली असते, म्हणून सगळ्या मालाला एकच आकार लावू नका. पण तुमच्याकडे चारच दिवाळ्या आहेत. एसकेयूवार पाच गुणक काढायला गेलात तर मिळेल तो नुसता गोंगाट. कुटुंबवार काढा (शेव, चिवडा, चकली, गोड) आणि त्या कुटुंबातल्या सगळ्या मालाला तोच आकार लावा.

सणाच्या हिशेबाने मोजलं की एक फायदा फुकट मिळतो. सर्वपित्री अमावास्या, नवरात्र, दसरा या सगळ्यांचं लक्ष्मीपूजनापासूनचं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे पितृपक्षातली मरगळ आपोआप योग्य आठवड्यात बसते. अपवाद फक्त अधिक आश्विनाच्या वर्षाचा, उदाहरणार्थ २०२०, आणि तो तुमच्या डेटात नाही. गणपतीला मात्र वेगळा कॉलम लागेल: गेल्या वर्षी २७ ऑगस्ट, यंदा १४ सप्टेंबर. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे पुढचे सगळे सण साधारण १९ दिवस उशिरा. आषाढी गेल्या वर्षी ६ जुलै, यंदा २५ जुलै. महिन्याच्या डेटात दोन्ही जुलैच दिसणार, पण उपवासाच्या चिवड्याची उचल जूनअखेरीस की जुलैच्या मध्याला, हा फरक त्यात लपलाय.

सरांना पहिल्याच बैठकीत विचारा: "अधिक महिन्याचं काय करता?" तयार पॅकेजमधली भारतीय सुट्ट्यांची यादी वापरतो असं उत्तर आलं, तर त्या यादीत फक्त सणाचा दिवस असतो, आधीची उचल नसते, हे लक्षात ठेवा.

आकडेमोड:

वरच्या दोघांनी एक अडचण बाजूला ठेवलीय. थीटांच्या चाचणीतले १२ महिने एप्रिल २०२५ ते मार्च २०२६. त्यात दिवाळी एकच, आणि तीही जीएसटी कपातीच्या तोंडावरची. १५ ऑगस्टला घोषणा, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय, २२ सप्टेंबरला अंमल. ज्या स्टॉकिस्टने जुन्या दराचा माल नको म्हणून उचल थांबवली त्याचा खड्डा, त्यानंतरची भरपाई, किंमत किंवा वजन बदलल्याचा परिणाम आणि २१ ऑक्टोबरची दिवाळी, हे सगळं १६ सप्टेंबर ते २० ऑक्टोबरच्या त्याच ३५ दिवसांत किंवा त्यांना लागूनच येऊन पडलं. एकाच हंगामाच्या डेटावरून "दिवाळीचा वाटा इतका, जीएसटीचा इतका" असं कुणी दशांशात वेगळं करून दाखवत असेल, तर त्याच्यापासून जरा सांभाळून. आठवड्याच्या डेटावर दोन तात्पुरते कॉलम (१ ते २१ सप्टेंबरचा खड्डा, त्यानंतरच्या दोन आठवड्यांची भरपाई) घालून त्या काळाने बाकीचे गुणक बिघडू नयेत एवढं करता येतं. त्याहून जास्तीचा दावा नको.

म्हणून चाचणी दोन तुकड्यांत करा. मुख्य तुकडा थीटा म्हणतात तो. दुसरा फक्त दिवाळीसाठी: एकेक वर्ष झाकून ठेवायचं, उरलेल्या तीन दिवाळ्यांवरून झाकलेल्या वर्षाच्या ३५ दिवसांची आठवडावार विभागणी काढायची आणि ताडून बघायची. यात पुढच्या वर्षाचा डेटा मागच्यासाठी वापरला जातो, म्हणून तो खरा फोरकास्ट नव्हे, पण विभागणीचा आकार टिकतो की नाही तेवढं कळतं.

शेवचिवडा_प्लॅनिंग:

खूपच उपयोगी, धन्यवाद. किलोचा मुद्दा नेमका लागू होतो, आमचंही दहावालं पाकीट ग्रॅममध्ये वाढलंय. एआयबद्दल काय म्हणता? मालकांना त्याचंच जास्त आकर्षण आहे. आणि जीडीपीचं?

थीटा_पुणे:

एआयवर आता मतं मांडत बसायची गरज नाही, फोरकास्टच्या स्पर्धांचे निकाल उपलब्ध आहेत. ग्रीक अभ्यासक स्पायरोस मॅक्रिडाकिस १९८२ पासून या एम-स्पर्धा भरवतात. २०१८ च्या एम४ मध्ये आकड्यांच्या एक लाख मालिका होत्या. त्यात निव्वळ मशीन लर्निंगच्या सहा पद्धती उतरल्या, आणि तीन साध्या स्मूदिंग पद्धतींची (ताज्या आकड्यांना जास्त वजन देऊन सरासरी काढणाऱ्या) सरासरी घेऊन बनवलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्यांतली एकही हरवू शकली नाही. जिंकली ती स्लावेक स्मिल यांची मिश्र पद्धत, स्मूदिंग आणि न्यूरल नेटवर्क एकत्र. अव्वल १७ पैकी १२ पद्धती अनेक पद्धतींची सरासरी काढणाऱ्याच होत्या.

मग २०२० ची एम५ आली, वॉलमार्टच्या विक्रीवर. तिथे लाइटजीबीएम हे मशीन लर्निंगचं हत्यार उघडपणे जिंकलं. पण तो डेटा कसा होता बघा: दहा दुकानं, माल-दुकान पातळीवर ३०,४९० मालिका, पाच वर्षांहून जास्त काळाची रोजची विक्री, सोबत किमती आणि सणवार. तरीही ५,५०७ संघांपैकी साध्या स्मूदिंगच्या सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्याला हरवणारे फक्त ४१५, म्हणजे साडेसात टक्के.

तुमच्याकडे २१२ गुणिले ५ म्हणजे १,०६० मालिका, ४८ महिन्यांच्या. प्रत्येक मालिकेवर वेगळं न्यूरल नेटवर्क म्हणजे शुद्ध वेडेपणा. सगळ्या मालिकांवर मिळून एकच मॉडेल, त्यात किंमत, स्कीम आणि वर सांगितलेले सणांचे कॉलम, हे आठवड्याच्या डेटावर करून बघण्यासारखं आहे. सर नेमकं यातलं काय करणार, हे लेखी घ्या.

तोवर घरचा प्रतिस्पर्धी तयार ठेवा. तीन पद्धतींची साधी सरासरी: पंचांगरावांची सणाला सण पद्धत, थीटा, आणि डॅम्प्ड ट्रेंड. थीटाचं नाव भारदस्त आहे. आत नेहमीचं स्मूदिंग आणि सरळ रेषेच्या निम्म्या उताराचा ड्रिफ्ट (दर महिन्याची ठरावीक वाढ किंवा घट) एवढंच आहे, आणि तरीही २००० साली निकाल आलेल्या एम३ मध्ये ३,००३ मालिकांवर ती पद्धत पहिली आली होती. शेवटच्या दोघींना सण कळत नाहीत, म्हणून दिवाळी आणि गणपतीची जादा उचल आधी काढून टाका, फोरकास्ट काढा, मग जादा उचल परत जोडा.

डॅम्प्ड ट्रेंडमध्ये वाढ हळूहळू विझवतात. महिन्याला ५० पेट्यांची वाढ दिसतेय आणि गुणक ०.९ आहे, तर बारा महिन्यांनी सरळ रेषा ६०० पेट्या जादा सांगते, डॅम्प्ड ३२३ सांगते. नवीन चव बाजारात आणल्यावर पहिल्या सहा महिन्यांची चढण कायम धरून माल साचतो तो याच फरकामुळे.

एक्सेलमधलं फोरकास्ट.ईटीएस वापरत असाल तर दोन गोष्टी जपा. त्यात डॅम्पिंग नाही, आणि हंगाम बेरजेनेच धरला जातो, गुणाकाराने नाही. विक्री वाढत असताना दिवाळीची उसळीही त्या प्रमाणात वाढत असेल तर आधी लॉग घ्या. हंगामाची लांबी १२ अशी स्वतः टाका, आपोआप ओळखण्यावर सोडू नका. आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर तिच्या फेबल पॅकेजमध्ये हे सगळं आहे, फुकट.

रेपो_रेट:

जीडीपीची जोडणी तीन महिन्यांच्या फरसाणासाठी काढून टाका. कारण व्यवहाराचं आहे. एप्रिल-जूनचा जीडीपी ऑगस्टअखेर येतो, जुलै-सप्टेंबरचा नोव्हेंबरअखेर. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा माल ठरवताना हातात असतो तो जूनपर्यंतचा आकडा, जो पुढे पुन्हा सुधारला जाणार. पुढच्या तिमाहीसाठी तर जीडीपीचाच अंदाज आधी लागतो, म्हणजे एका अंदाजाची चूक दुसऱ्यात मिसळते. शिवाय ४८ महिने म्हणजे १६ तिमाह्या. १६ ठिपक्यांवर कुठलाही संबंध सिद्ध करता येतो. वर्तमानपत्रातली वाढ ही महागाई वजा केलेली असते आणि तुमची विक्री चालू रुपयांत, ही गफलत तर प्रस्तावांत सर्रास दिसते.

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या काळाचा फोरकास्ट आज काढून ताडून बघण्यात, एक चोरवाट असते, ती तपासा. सरांनी २०२३ चा फोरकास्ट परत करून दाखवताना आज वेबसाइटवर दिसणारे सुधारित आकडे वापरले, तर त्यांनी तेव्हा कुणाकडेच नसलेली माहिती वापरली. प्रत्येक आकड्यासमोर "हा कुठल्या तारखेला जाहीर झाला" असा कॉलम मागा. तो नसेल तर त्या बॅकटेस्टवर विसंबू नका. तेलाच्या किमतीचंही तेच: त्या महिन्याची खरी किंमत घालून काढलेला फोरकास्ट नको, त्या दिवशी माहीत असलेली किंमत घालून काढलेला हवा.

वर्षाच्या बजेटला आणि नवीन लाइन टाकायची की नाही या निर्णयाला अर्थव्यवस्थेचे अंदाज बघावेत. रिझर्व्ह बँक २००७ पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांचं सर्वेक्षण करते, दर दोन महिन्यांनी पतधोरणाच्या वेळी निकाल येतो, फुकट. त्यातला मधला आकडा घ्या आणि लोकांचे अंदाज किती पसरलेत तेही बघा. एकट्या तज्ज्ञापेक्षा सरासरी बरी, हे बेट्स आणि ग्रेंजर यांनी १९६९ मध्येच दाखवलंय. मात्र वळण ओळखायला त्यावर विसंबू नका. आयएमएफचे प्रकाश लोंगाणी यांनी १९९० च्या दशकातले निरनिराळ्या देशांचे अंदाज तपासले, तेव्हा मंदीच्या आदल्या वर्षी ती जवळजवळ कुणाच्याच आकड्यांत नव्हती.

तुमच्या धंद्याला खरा धक्का अधिसूचनेतून बसतो. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झालं, मे २०२५ अखेर १० वर आलं. असलं काही मॉडेलमधून येत नाही. शुल्क दहा टक्क्यांनी हललं तर किलोमागे खर्च किती आणि पाकिटाचे ग्रॅम किती, याचा तयार तक्ता ठेवा.

आकडेमोड:

एक राहिलंच, आणि पैशाच्या दृष्टीने ते सगळ्यात मोठं आहे. सरांकडून एकच आकडा घेऊ नका, पातळ्या घ्या: ५०, ६०, ८०, ९० टक्के. "९० टक्के पातळी १,४०० पेट्या" म्हणजे दहापैकी नऊ वेळा मागणी १,४०० च्या आत राहील. किती माल ठेवायचा ते नफ्यातोट्यावर ठरतं. पेटी कमी पडली तर ६० रुपये मार्जिन जातं आणि पेटी उरली तर एक्स्पायरी रिटर्नमध्ये ४० रुपये बुडतात, असं धरा. ६० भागिले १०० म्हणजे ०.६०, तेव्हा ६० टक्के पातळीइतका माल. मार्जिन जास्त आणि टिकाऊपणा चांगला असलेल्या मालाला ही पातळी वर जाते, नारळ घातलेल्या मालाला खाली.

पातळ्या खऱ्या आहेत का, तेही मोजता येतं. थीटांच्या चाचणीत ८० टक्के पातळीच्या आत प्रत्यक्ष विक्री किती वेळा आली ते मोजा. ६५ टक्के वेळाच आली तर सर फाजील आत्मविश्वासात आहेत. बहुतेक पद्धतींचे पट्टे (वरच्या आणि खालच्या पातळीमधलं अंतर) हवे त्यापेक्षा अरुंदच निघतात.

आणि तुमच्या सेल्स मॅनेजरच्या दुरुस्त्यांचं काय करणार? फोरकास्ट आला की "इथे थोडे वाढवा" सुरू होणारच. रॉबर्ट फिल्ड्स, पॉल गुडविन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चार कंपन्यांचे ६० हजारांवर फोरकास्ट तपासले. लहानसहान दुरुस्त्यांनी बहुधा नुकसानच झालं. मोठ्या दुरुस्त्या, त्यातही खाली आणणाऱ्या, उपयोगी ठरल्या. वर नेणाऱ्या दुरुस्त्यांत आशा जास्त आणि माहिती कमी. तेव्हा नियम करा: १० टक्क्यांच्या आतली दुरुस्ती स्वीकारायची नाही, त्यावरची असेल तर कारण एका ओळीत लिहायचं ("मॉलची ऑर्डर आली", "प्रतिस्पर्ध्याचा माल बंद"). शीटमध्ये चार कॉलम: सणाला सण, सरांचा, दुरुस्त केलेला, प्रत्यक्ष. सहा महिन्यांनी कोणाचा कॉलम मूल्य वाढवतो आणि कोणाचा घटवतो ते नावानिशी दिसतं. ही शीट सरांनी नव्हे, तुम्ही ठेवायची. फोरकास्टची फाइल तारखेसह ईमेलवर आली की ती गोठली, नंतर "सुधारित आवृत्ती" चालणार नाही. कोड आणि डेटाची रचना करार संपल्यावर कंपनीकडे राहील, हेही लिहून घ्या.

शेवचिवडा_प्लॅनिंग:

शेवटचा प्रश्न. २१२ पैकी साठेक माल असे आहेत की काही डेपोंत दोन-तीन महिन्यांतून एकदाच जातात. त्यांना पण हेच सगळं?

थीटा_पुणे:

नाही, त्यांना वेगळं काढा. प्रत्येक माल-डेपोसाठी दोन आकडे काढा: विक्री झालेल्या दोन महिन्यांमधलं सरासरी अंतर, आणि झालेल्या विक्रीच्या आकारातली चढउतार (प्रमाणित विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग). अंतर १.३२ पेक्षा जास्त असेल तर नेहमीचं स्मूदिंग सोडून क्रॉस्टन पद्धत लावा. १९७२ ची आहे, अजून चालते. ती विक्रीचा आकार आणि अंतर वेगवेगळं स्मूद करते आणि भागाकार घेते. सरासरी २४ पेट्या दर तीन महिन्यांनी, म्हणजे महिन्याला ८. मूळ पद्धत किंचित वर झुकते, म्हणून सिंटेटोस आणि बॉयलन यांची दुरुस्ती लावा: स्मूदिंगचा गुणक ०.१ असेल तर ०.९५ ने गुणा, ७.६ येतं. चढउताराचा वर्ग ०.४९ च्याही वर असेल तर फोरकास्टच्या फार नादी लागू नका.

इथे मेप तर नकोच, पण सरासरी चूक हे मापसुद्धा फसवतं. बहुतेक महिने शून्य असले की "कायम शून्य" हा फोरकास्ट सगळ्यात अचूक ठरतो आणि डेपो रिकामा राहतो. या साठ मालांसाठी सरांची परीक्षा ९० टक्के पातळीवर घ्या. आणि त्याआधी हे माल पाचही डेपोंत ठेवायलाच हवेत का, हे सेल्सला विचारा. सांगलीतूनच हप्त्याच्या गाडीने पाठवता आले तर पाच विरळ मालिकांची एक बऱ्यापैकी भरलेली मालिका होते आणि क्रॉस्टनची गरज निम्म्या मालांना उरत नाही.